इंजिन बंद मोर्चा

हेल्मेट फ्रिजवर होतं आणि विसूभाऊ त्याच्याकडे पाठ करून बसले होते. घरात कोणी गेल्यासारखा चेहरा. पण कोणी गेलं असतं तर शेजारून चहा तरी आला असता. इथे तोही नव्हता.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"काय?"

"माझ्या मागे काय आहे ते."

"फ्रिज."

"फ्रिजवर, दिवाकर, फ्रिजवर!"

मी बघितलं. लालभडक, पुढे काच असलेलं, हनुवटीपर्यंत तोंड झाकणारं हेल्मेट. त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला, पूर्वी टीव्हीवर घालायचे तसा. म्हणजे ते घरात येऊन चांगलं रुळलं होतं.

"कधी आणलं?"

"मला काय विचारतोस? मला आज दिसलं!"

विसूभाऊ पोंक्षे हे आमच्या हेल्मेटसक्तीविरोधी दुचाकीस्वार हक्क समितीचे अध्यक्ष. मी खजिनदार. माझं नारायण पेठेत रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. समितीचा शिक्का मी फुकट करून दिला आणि त्या अपराधाबद्दल मला हे पद मिळालं. तिजोरीत तेव्हा तो शिक्काच काय तो होता. विसूभाऊंची नोकरी विमा कंपनीत झालेली. सगळी हयात त्यांनी पुणेकरांना अपघाताची भीती घालून पॉलिसी विकल्या आणि निवृत्त झाल्यावर त्याच पुणेकरांना ती भीती कशी अनाठायी आहे हे सांगायला लागले. दोन्ही वेळा लोकांनी ऐकून घेतलं, कारण विसूभाऊ बोलायला लागले की मधे निघून जायची सोय नसे. हेल्मेटने मान आखडते, केस जातात, हॉर्न ऐकू येत नाही. त्यांचे स्वतःचे केस चाळिशीतच गेले होते, आणि तेही विनाहेल्मेट. पण तो मुद्दा सभेत कोणी काढला नाही. त्यांचा हुकमी मुद्दा निराळाच होता. "समोरून लेले चाललाय की दरोडेखोर, हे मला कळायला नको? नमस्कार कुणाला करू मी?" या वाक्याला टाळ्या ठरलेल्या.

"रविवारी मोर्चा," विसूभाऊ आवाज खाली आणून म्हणाले. "पहिली स्कूटर माझी. मागे ही. डोक्यात गजरा. फलक काय आहे आपला?"

"मोकळं डोकं, मोकळा श्वास."

"आणि ही म्हणते, बसेन तर हेल्मेट घालून बसेन. पत्रकार येणार आहेत, दिवाकर! अध्यक्षांची बायको, आणि तोंडावर काच! गुजर तर टपूनच बसलाय."

गुजर आमचे उपाध्यक्ष. उपाध्यक्षाला अध्यक्षांच्या प्रकृतीची जेवढी काळजी असते तेवढी डॉक्टरला नसते. आपली खुर्ची जाणार, आणि तीही बायकोच्या टाळक्यापायी, हे विसूभाऊंच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"त्यांना बसवूच नका मागे. एकटे या."

"निमंत्रणात सपत्नीक छापलंय."

"मग समजवा त्यांना."

"समजावलं. पाऊण तास समजावलं. मान हलवत होती. मग म्हणाली, झालं? आणि कुकर लावायला गेली." त्यांनी माझा हात धरला. "तू विचार. तुझं ऐकेल."

मी स्वयंपाकघरात गेलो. सिंधूवहिनी बिरड्याचे वाल सोलत होत्या. ठेंगणी, शांत बाई. त्यांच्या घरी मी अनेकदा गेलो होतो, पण त्यांचं सलग तीन वाक्यांचं बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं. जागाच मिळत नसे.

"वहिनी, असं काय झालं हो एकदम?"

"एकदम नाही झालं."

"म्हणजे कारण आहे?"

"आहे की."

"मग सांगून टाका ना विसूभाऊंना."

"विचारलं की सांगीन."

"अहो, आत्ता पाऊण तास—"

"ते सांगत होते," वहिनी म्हणाल्या. "विचारत नव्हते." आणि वालाचं साल त्यांनी इतक्या हलक्या हाताने काढलं, की पुढे बोलायची मला लाज वाटली.

बाहेर आलो. "काय म्हणाली?" विसूभाऊंनी विचारलं. मी म्हटलं, "त्यांचं काही कारण आहे. तुम्ही विचारलंत तर सांगतील." "कारण!" ते म्हणाले. "कारण मला माहीत आहे. जाहिराती! टीव्हीवरच्या जाहिराती!" आणि जाहिरातींनी भारतीय गृहिणीचं मन कसं पोखरलं आहे यावर ते बोलायला लागले. मला दुकान उघडायचं होतं. ते मी दुपारी उघडलं.

संध्याकाळी त्याच दुकानात समितीची तातडीची बैठक भरली, कारण मोर्चाची परवानगी आली होती. सबनीस वकिलांनी पत्र वाचायला घेतलं. घोषणा मर्यादित आवाजात, रस्त्याच्या डाव्या बाजूने, फटाके नकोत. शेवटच्या अटीवर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मोर्चात सहभागी होणाऱ्या सर्व दुचाकीस्वारांनी हेल्मेट परिधान करणे बंधनकारक राहील.

विसूभाऊंनी तिथूनच चौकीला फोन लावला. इन्स्पेक्टर घुले शांतपणे म्हणाले, "काका, मोर्चा कायद्याविरुद्ध काढा, हरकत नाही. पण परवानगी मला कायद्यातच द्यायला लागणार ना?"

मग चर्चेला ऊत आला. कायदा मोडू, असं सगळे म्हणाले. तुरुंगात जायची सगळ्यांची तयारी होती. दंडाची पावती फाडायची एकाचीही नव्हती. एकाने सुचवलं, हेल्मेट हातात धरून चालवू. दुसऱ्याने विचारलं, मग ब्रेक कोण धरणार? तिसऱ्याने सुचवलं की आपण हेल्मेट घालावं, पण निषेध म्हणून उलटं घालावं. त्याला सगळ्यांनी मिळून खाली बसवलं.

शेवटी सबनीस उठले. कोर्टात त्यांच्या वाट्याला एवढं लक्ष कधी येत नसे, त्यामुळे त्यांनी सावकाश सुरुवात केली.

"कायदा कोणाला लागू आहे? दुचाकी चालवणाऱ्याला. जो ढकलतो, तो चालवतो का?"

"नाही," सगळे म्हणाले.

"तो कोण?"

"दुर्दैवी," मागून कोणीतरी म्हणालं.

"पादचारी!" सबनीस म्हणाले. "आणि पादचाऱ्याला हेल्मेट घालायला लावणारा कायदा अजून जन्माला आलेला नाही. इंजिनं बंद ठेवा, स्कूटर ढकलत न्या, डोकी उघडी. कायदाही मोडला नाही आणि हेल्मेटही घातलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शहरातल्या मोजक्या जागी एवढी बुद्धी एकवटते आणि ती अशा कामाला लागते. गुजर मात्र टाळ्या न वाजवता म्हणाले, "आणि मागच्या सीटवर जी व्यक्ती असेल, तिचं काय? अध्यक्ष सपत्नीक आहेत, म्हणून आपलं विचारलं."

सबनीसांनी डोळे मिटले. "चालक नसेल तर सहप्रवासी कसा असेल? इंजिन बंद असलेल्या वाहनावर जे काही ठेवलं असेल, ते कायद्याने सामान."

विसूभाऊंच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा उजेड पडला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "जा. तिला सांग, चालवणारच नाही मी. वेग नाही, धोका नाही, मग हेल्मेटही नको. आता तरी बसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा स्वयंपाकघरात. वहिनी म्हणाल्या, "मला सामान ठरवलंत म्हणे."

"कायद्याच्या दृष्टीने, वहिनी."

"असू दे. मला घरात सवय आहे." मग त्यांनी गॅस बारीक केला आणि मला एक चमत्कारिक प्रश्न विचारला. "दिवाकरभाऊजी, माणूस बसलेली स्कूटर ढकलताना ढकलणाऱ्याला बोलता येतं का हो?"

"कसलं बोलणं! चार पावलांत धाप लागते."

"अलका चौकापर्यंत?"

"अलका चौकापर्यंत तर शब्द फुटायचा नाही."

"मग येते," वहिनी म्हणाल्या. "बिनहेल्मेटची बसते. परत येतानाचं मात्र मी माझं बघेन."

विसूभाऊंनी हा आपल्या युक्तिवादाचा विजय मानला.

रविवारी सकाळी शनिपारापाशी शंभरेक दुचाक्या जमल्या. विसूभाऊंनी नवा झब्बा घातला होता. वहिनी जरीच्या काठाची साडी नेसून, अबोलीचा गजरा माळून, हातात एक फुगलेली कापडी पिशवी घेऊन आल्या आणि मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. अध्यक्षांनी हँडल धरलं. स्टेपनीला मागून हात लावून तोल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. खजिनदाराने सगळा भार पाठीमागून उचलायचा असतो.

मोर्चा निघाला. बुलेट आणलेल्या पोरांना दहाव्या मिनिटाला मोपेडवाल्यांचा हेवा वाटायला लागला. फुटपाथवरचा एक गृहस्थ थांबून म्हणाला, "काय हो, सगळ्यांचं एकदम संपलं पेट्रोल?" दुसरा म्हणाला, "पंप मागे राहिला, मंडळी." एक म्हातारा दुकानाच्या पायरीवरून ओरडला, "पायीच जायचं तर हिला कशाला फिरवताय उन्हात?" ते स्कूटरला उद्देशून होतं की वहिनींना, कळलं नाही. इन्स्पेक्टर घुले शेजारून चालत होते. त्यांच्या हातात पावतीपुस्तक होतं आणि लिहायला काहीच नव्हतं. त्यांच्याइतका हताश माणूस त्या दिवशी पुण्यात नसेल.

विसूभाऊंनी सुरुवात जोरात केली. "घटनेच्या एकविसाव्या कलमाने..." पहिल्या चौकात हे वाक्य "घटनेने" एवढंच उरलं. दुसऱ्यात नुसतं "घट..." आलं. मग फक्त श्वास.

तेव्हा मागून वहिनी बोलल्या. इंजिन बंद होतं, वारा नव्हता, आणि त्यांचं तोंड विसूभाऊंच्या कानापासून हातभर अंतरावर होतं.

"ऐकताय ना?"

"हूं."

"श्रावणातली गोष्ट. आपण वंदूकडून परत येत होतो. संध्याकाळी. तिच्या नवऱ्याने चुकीची पॉलिसी कशी घेतली ते तुम्ही मला सांगत होतात."

"हूं."

"दांडेकर पुलाच्या अलीकडे तो उंच गतिरोधक आहे ना?"

"हं."

"तिथे मी पडले."

स्कूटर चालतच राहिली. विसूभाऊंकडे वाक्यं बाहेर जायला हमरस्ता होता आणि आत यायला बोळ. वेळ लागायचाच.

"उतरलीस," ते धापा टाकत म्हणाले. "भाजी घ्यायला... उतरलीस तू. मी फाटकात आलो... मागे बघतो तर..."

"फाटकात बघितलंत. तोपर्यंत बोलत होतात. मी रिक्षाने आले तर तुम्हीच म्हणालात, भाजी घ्यायला उतरलीस वाटतं, सांगून उतरावं माणसाने. मग म्हणालात, भाजी कुठाय? आणि मग गवार किती महाग झालीय त्यावर बोललात."

मी स्टेपनीकडे बघत राहिलो. दुसरीकडे कुठे बघावं तेच कळेना.

"डोकं दुभाजकावर आपटलं. एक फुलवाली बाई धावली तुमच्या मागे, ओ काका, ओ काका करत. तुम्ही हातवारे करत गेलात. तिनेच पाणी दिलं मला. ती म्हणाली, भांडण झालंय का? मी म्हटलं, नाही गं, असंच असतं."

"सिंधू—"

"दोन दिवस चक्कर येत होती. तुम्ही म्हणालात पित्त आहे. मोरावळा दिलात. शेवटी शेजारच्या अनघाला घेऊन मी डोक्याचा फोटो काढून आले. काही निघालं नाही त्यात. येताना हेल्मेट घेतलं. मला गाडीची भीती नाही वाटत हो. मी पुन्हा पडले तर तुम्हाला कळणार नाही, याची वाटते. मग आपलं डोकं आपणच सांभाळलेलं बरं."

विसूभाऊ थांबले.

पहिली स्कूटर थांबली म्हणून दुसरी तिच्यावर आली, दुसरीवर तिसरी, आणि मागे शंभर दुचाक्यांचा गुंता झाला. गुजर मागून ओरडले, "काय झालं? घोषणा द्या, घोषणा!" कोणीतरी "मोकळं डोकं!" म्हणालं आणि "मोकळा श्वास" म्हणायला कोणाकडे श्वास नव्हता. घुले धावत आले. "काका, इथे थांबायची परवानगी नाही."

विसूभाऊ वळले होते. त्यांचा घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. वहिनींना काही विचारताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

वहिनींनी त्यांचा हात हँडलवरून सोडवून घेतला आणि आपल्या अंबाड्याच्या मागे, गजऱ्याच्या खाली नेला. "इथे."

भर रस्त्यात, शंभर माणसांसमोर आणि एका इन्स्पेक्टरसमोर त्यांची बोटं तिथेच राहिली. त्यांच्या पिढीतला माणूस असा बायकोच्या केसांना हात लावत नाही, देवघरातसुद्धा नाही. फोटोग्राफरांनी पटापट फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो पाच कॉलमांत होता आणि खाली ओळ होती: मोकळ्या डोक्याचे महत्त्व पत्नीच्या मस्तकावर हात ठेवून पटवून देताना समितीचे अध्यक्ष.

"ढकला आता," वहिनी म्हणाल्या. "मागे लोक खोळंबलेत."

त्यांनी ढकलली. पुढचा सगळा रस्ता मागून मला फक्त विसूभाऊंची भिजलेली पाठ दिसत होती आणि दर थोड्या वेळाने अर्धी वळणारी मान.

अलका चौकात व्यासपीठ होतं. म्हणजे दोन टेबलं जोडून वर सतरंजी. गुजरांनी ओळख करून दिली आणि माइक अध्यक्षांकडे दिला. लोक रस्त्यावर मांड्या घालून बसले. ज्यांना विसूभाऊ माहीत होते त्यांनी शेंगदाणेही आणले होते. विसूभाऊ माइकसमोर उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले.

"मला काही बोलायचं नाही," ते म्हणाले आणि खाली उतरले.

आधी कोणाला समजलंच नाही. मग सबनीस पुटपुटले, "मौन! काय अस्त्र काढलंय!" आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कृतज्ञतेचं असावं; विसूभाऊंच्या भाषणातून एवढ्या लवकर सुटका झालेला जमाव मी दुसरा पाहिला नाही. घुल्यांनी वरती कळवलं की आंदोलक गप्प झाले आहेत, लक्षण चांगलं नाही. आठवड्याभरात दंडाची मोहीम पुढे ढकलल्याचा निरोप आला. समितीला मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं यश, आणि ते न केलेल्या भाषणाचं. त्यावर पुढे कैक वर्षं गुजरांनी भाषणं केली.

कारण अध्यक्ष तेव्हा गुजर होते. तेही त्या चौकातच ठरलं. लोक पांगले, बहुतेक मिसळीच्या दिशेने. वहिनींनी कापडी पिशवी उघडली, लाल हेल्मेट काढलं, गजरा सोडवून पिशवीत ठेवला आणि हेल्मेट डोक्यावर चढवून हनुवटीखालचा पट्टा लावला. गुजर सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी उतरली.

"अध्यक्ष! हे काय? वहिनींनी—"

"दिवाकर," विसूभाऊ म्हणाले, "शिक्का तुझ्याकडे आहे ना? गुजरला देऊन टाक."

गुजर आ वासून उभे राहिले. मिळवायला झटापट करावी लागेल म्हणून त्यांनी किती दिवस तयारी केली होती! सगळी फुकट गेली.

विसूभाऊंनी स्कूटरला किक मारली. घुल्यांना दिवसातलं पहिलं काम मिळालं. "काका, मागच्या ताईंनी घातलंय. पुढे काय?"

मला वाटलं, आता एकविसावं कलम. विसूभाऊंनी खिशातून पैसे काढले, पावती घेतली, घडी करून ठेवली. घुले त्यांच्याकडे असे बघत राहिले, जणू पैसे खोटे असावेत.

वहिनी मागे बसल्या. एरवी याच क्षणी स्कूटर उसळी मारून सुटायची आणि पहिलं वाक्य तिच्याही आधी सुटलेलं असायचं. विसूभाऊ क्लच दाबून तसेच राहिले.

"बसलीस?" त्यांनी विचारलं.

वहिनी काचेआडून काहीतरी म्हणाल्या. इंजिन फडफडत होतं, काच बंद होती. मी दोन हातांवर होतो, मलाही ऐकू आलं नाही. विसूभाऊ हँडल घट्ट धरून, कमरेतून पुरते मागे वळले आणि त्या लाल हेल्मेटच्या काचेकडे बघत राहिले, वहिनींचा हात वर होईपर्यंत.